शाळेच्या वेळेला दुखणारे पोट

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की पंधरा-वीस दिवसांत एक तक्रार दवाखान्यात वारंवार येऊ लागते. मूल पहिली ते चौथीतले असते. सोबत आई आणि बऱ्याचदा आजीही असते. "डॉक्टर, याचे पोट रोज सकाळी दुखते. गणवेश घालायला घेतला की सुरू. रिक्षावाल्या काकांचा हॉर्न ऐकला की रडारड. आणि रिक्षा निघून गेली की अर्ध्या तासात हा खेळायला मोकळा! रविवारी मात्र काही नाही." आजीच्या मते जंत झाले आहेत. वडिलांच्या मते सगळे नाटक आहे. शेजारीण म्हणते, बेंबी सरकली असेल. आणि ज्याचे पोट दुखते ते मूल मात्र मान खाली घालून बसलेले असते.

पालकांचा खरा प्रश्न एकच असतो. हे दुखणे खरे की खोटे? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मिळाले तर मूल दोनपैकी एका वाटेने जाते. एक तर त्याला खोटारडे ठरवून मार बसतो, किंवा मग औषधे, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि सोनोग्राफी यांची रांग लागते. पहिल्या वाटेने मुलाचा आईवडिलांवरचा विश्वास जातो. दुसऱ्या वाटेने 'मला काहीतरी मोठा आजार आहे' ही समजूत त्याच्या मनात घर करते. म्हणून आजच्या लेखात या पोटदुखीविषयी सविस्तर पाहू.

दुखणे खरेच असते

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲपली आणि त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली ती प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीन वेळा, रोजच्या व्यवहारात अडथळा येईल इतके पोट दुखणाऱ्या मुलांची त्यांनी नोंद घेतली. सुमारे दहा मुलांमागे एकाला असा त्रास होता, आणि त्यांतील बहुतेकांच्या पोटात शोधूनही कोणताही रोग सापडला नाही. या कामातून डॉक्टरांना एक सोपा आडाखा मिळाला, तो आजही उपयोगी पडतो. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी आजाराची शक्यता अधिक. 'कुठे दुखते' असे विचारल्यावर मुलाने बेंबीभोवती हात फिरवला, तर बहुधा काळजीचे कारण नसते.

मग आजार नसताना दुखते कसे? आपल्या आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचे दाट जाळे असते आणि त्याचा मेंदूशी सतत संबंध असतो. मन धास्तावले की आतड्याची हालचाल बदलते, ते आवळते आणि एरवी न जाणवणाऱ्या हालचाली दुखू लागतात. मुलाखतीला जाताना किंवा न्यायालयात साक्ष देताना मोठ्या माणसांच्याही पोटात गोळा येतो, तो याच कारणाने. फरक इतकाच, की मोठा माणूस 'मला भीती वाटते' असे सांगू शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे ते शब्द नसतात. त्याला जे जाणवते ते पोटात जाणवते, आणि तेच ते सांगते. रिक्षा निघून गेल्यावर दुखणे थांबते, कारण धास्ती संपते. याचा अर्थ आधीचे दुखणे खोटे होते असा होत नाही.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा जावे?

पुढे दिलेली लक्षणे मात्र प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावीत. यांपैकी एकही असेल तर 'शाळेचे पोट' म्हणून दुर्लक्ष करू नये.

मूल रात्री गाढ झोपेतून पोटदुखीने जागे होते. दुखणे बेंबीपासून दूर, विशेषतः उजवीकडे खाली आहे. उलट्या थांबत नाहीत, उलटी हिरवी आहे किंवा तिच्यात रक्त आहे. शौचात रक्त पडते. वजन घटते आहे किंवा उंची वाढत नाही. सोबत ताप आहे. लघवीला जळजळ होते किंवा वारंवार जावे लागते.

अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा बेंबीजवळ सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकते. अशा मुलाला एका पायावर उडी मारायला सांगितले तर दुखण्यामुळे ते मारत नाही. अशा वेळी पोट चोळणे, शेकणे किंवा जुलाबाचे औषध देणे धोक्याचे आहे. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. अंडकोशाला पीळ पडला तरी मूल लाजेने 'पोट दुखते' एवढेच सांगते. अचानक जोराचे दुखणे आले तर ती जागा पाहावीच, आणि तेथे सूज किंवा दुखरेपणा असेल तर तासाभराचाही उशीर करू नये. तसेच मूल अचानक फार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले, वजन उतरले आणि त्यातच पोटदुखी व उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. लहान मुलांचा मधुमेह कधी कधी असाच प्रकट होतो.

तपासण्या किती कराव्यात?

वरील लक्षणे नसतील तर डॉक्टरांनी मुलाला नीट तपासणे, वजन-उंची पाहणे आणि गरजेनुसार लघवी व रक्ताची साधी तपासणी करणे बहुधा पुरेसे असते. अलीकडे पालक स्वतःच सोनोग्राफी करून रिपोर्ट घेऊन येतात. त्यात आतड्याजवळच्या गाठी वाढल्याचे लिहिलेले असते आणि घरात घबराट पसरते. क्षयरोग तर नाही ना, अशी शंका येते. या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, तशाच या ग्रंथी सर्दी-खोकल्याच्या किंवा जुलाबाच्या साध्या आजारातही थोड्या वाढतात. ठणठणीत मुलांमध्येही त्या सोनोग्राफीत दिसतात. ताप, वजन घटणे, घरात क्षयाचा रुग्ण असणे असे काही नसेल तर केवळ रिपोर्टातील त्या एका ओळीसाठी अँटिबायोटिक देण्याची गरज नसते.

जंतांचेही तसेच. जंत होतात हे खरे, पण ते साखर-गूळ खाल्ल्याने होत नाहीत. अस्वच्छ हात, न धुतलेल्या भाज्या आणि दूषित माती यांतून त्यांची अंडी पोटात जातात. झोपेत दात खाणे हेही जंतांचे खात्रीचे लक्षण नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिनाची मोहीम २०१५ मध्ये सुरू झाली. त्यात शाळा आणि अंगणवाड्यांमधून अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. मुलाने ती तेथे घेतली असेल तर 'पोट दुखते' म्हणून दर महिन्याला दुकानातून पुन्हा औषध आणू नये.

आधी घरचे घड्याळ तपासा

आजार नाही असे ठरल्यावर मी पालकांना औषधाआधी तीन प्रश्न विचारतो. मूल रात्री किती वाजता झोपते? सकाळी शौचाला जाऊन शाळेत जाते का? आणि काही खाऊन जाते का? पोटदुखीचे मूळ पुष्कळदा या तीन उत्तरांतच सापडते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी, असे झोपेच्या विषयातील तज्ज्ञ सांगतात. सकाळची शाळा गाठण्यासाठी मूल सहाला उठणार असेल तर त्याने रात्री साडेआठ-नऊला झोपलेले असले पाहिजे. आपल्या किती घरांत हे घडते? सातपूर-अंबडच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या वडिलांची वाट पाहत मुले जागी राहतात. वडिलांना मूल भेटावे आणि मुलाला वडील, ही ओढ समजण्यासारखी आहे. पण त्यापेक्षा वडिलांनी सकाळी मुलाबरोबर दहा मिनिटे बसून चहा घ्यावा, रिक्षापर्यंत सोडायला जावे. बाकी घरांत मालिका आणि मोबाईल यांनी रात्र लांबते. पडद्याच्या उजेडाने मेंदूला अजून दिवस आहे असे वाटते आणि झोप पुढे ढकलली जाते. झोप अपुरी झालेले मूल नेहमी पेंगतेच असे नाही. ते चिडचिडे होते, हट्टी होते, सकाळी त्याला मळमळते आणि खाण्याकडे बघवत नाही. लवकर निजावे आणि लवकर उठावे हा सुविचार आपण सगळे शाळेत शिकलो. घरात आग्रह मात्र फक्त लवकर उठण्याचा होतो.

शौचाचा संबंध जेवणाशी आहे. पोटात अन्न गेले की थोड्या वेळाने मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते. सकाळच्या न्याहारीनंतर ती विशेष जोरात असते. निसर्गाने शौचासाठी दिलेली ही वेळ आहे. आता सकाळच्या शाळेच्या मुलाचे पाहा. सहाला उठवले, सव्वासहाला अर्धवट झोपेत दूध पाजले, साडेसहाला रिक्षात बसवले. चालना मिळते तेव्हा ते रिक्षात किंवा प्रार्थनेच्या रांगेत असते. ते आवरून धरते. रोज आवरले की मळ आतच राहतो, त्यातील पाणी शोषले जाऊन तो घट्ट होतो आणि मग शौचाला बसले की दुखते. दुखले म्हणून मूल आणखी टाळते. असे चक्र सुरू झाले की पोट दुखते, भूक मरते. कधी चड्डीला थोडे पातळ शौच लागते आणि पालकांना वाटते जुलाब झाले, तेव्हा खरे तर बद्धकोष्ठ असते. या वयातील वारंवार होणाऱ्या पोटदुखीमागे बद्धकोष्ठ फार मोठ्या प्रमाणावर आढळते आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. कारण पहिली-दुसरीतले मूल एकटे शौचाला जाऊ लागले की आईचेही तिकडचे लक्ष कमी होते.

सकाळच्या शाळांच्या वेळेचा प्रश्न शासनापर्यंतही गेला होता. मुलांना पुरेशी झोप मिळावी म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार व्हावा, असे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुचवले. त्यानंतर ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने निर्णय काढला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असे त्यात सांगितले होते. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा, वर्गखोल्यांची कमतरता आणि वाहतूक अशा अडचणीही तेव्हा पुढे आल्या. तुमच्या मुलाची शाळा कितीला भरते हे तुमच्या हातात नसेल, पण पालक सभेत हा विषय मांडणे तुमच्या हातात आहे. आणि शाळा नऊची झाली म्हणून मूल रात्री अकराला झोपू लागले, तर सगळे मुसळ केरात.

शाळेत काय घडते?

घरचे घड्याळ नीट असूनही पोट दुखत असेल तर शाळेत काय होते ते पाहावे. हे पाहताना उलटतपासणी नको. 'शाळेत तुला कोणी काही म्हणते का?' असे विचारले की मूल 'नाही' म्हणते. रात्री अंथरुणावर पडल्यावर, 'आज डबा कोणाबरोबर खाल्लास? रिक्षात कोणाशेजारी बसतोस? कोणता तास नको वाटतो?' असे सहज विचारावे. उत्तर त्या दिवशी मिळत नाही. दोन-चार दिवसांत मात्र मूल आपणहून सांगते.

आढळणारी कारणे तशी साधीच असतात. शाळेचे स्वच्छतागृह घाण असते किंवा त्याला कडी नसते, म्हणून मुली सकाळपासून घरी येईपर्यंत लघवीला जात नाहीत आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. भरून आणलेली पाण्याची बाटली तशीच परत येत असेल तर आईने समजावे. यातून बद्धकोष्ठही होते आणि लघवीचा जंतुसंसर्गही. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पिण्याचे स्वच्छ पाणी असलेच पाहिजे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सांगितले आहे. केरळमधील शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा सुरू केली. अशी घंटा कोणत्याही शाळेला बिनखर्चात सुरू करता येईल.

दुसरे कारण भाषेचे. घरी मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. 'मे आय गो टू टॉयलेट' हे वाक्य चारचौघांत म्हणायची लाज वाटते, म्हणून मूल गप्प बसते. पहिल्या आठवड्यातच हे वाक्य घरी खेळीमेळीने पाठ करून घ्यावे आणि अडले तर मराठीत सांगितले तरी चालेल, असे बाईंना भेटून ठरवावे.

तिसरे कारण डोळ्यांचे. फळ्यावरचे नीट दिसत नाही म्हणून लिहून घेता येत नाही, वही अपुरी राहते, बोलणी बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोट दुखते. पहिलीत प्रवेश घेतानाच एकदा नजर तपासून घ्यावी. पुस्तक नाकाजवळ धरणे, टीव्हीच्या अगदी जवळ बसणे, डोळे बारीक करून पाहणे ही लक्षणे आहेत. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडूनही ही तपासणी होते. या कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

चौथे कारण भीतीचे. वर्गात मार बसतो, रिक्षातील मोठी मुले छळतात, डबा हिसकावतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी घातली आहे. तक्रार करताना भांडण नको, पण संकोचही नको. आधी वर्गशिक्षकांना, मग मुख्याध्यापकांना भेटावे. कोणी नको तिथे स्पर्श केल्याची शंका जरी आली तरी मुलाचे पूर्ण ऐकून घ्यावे, त्याला दोष देऊ नये आणि चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर किंवा पोलिसांकडे मदत मागावी.

घरी काय करावे?

दोन आठवडे एका वहीत रोज चार गोष्टी लिहा. झोपण्याची वेळ, शौचाला झाले की नाही, सकाळी काय खाल्ले, पोट केव्हा दुखले. ही वही डॉक्टरांना महागड्या तपासणीपेक्षा अधिक सांगते.

मुलाला अर्धा तास आधी झोपवा म्हणजे अर्धा तास आधी उठवता येईल. रात्री जेवणानंतर पडदे बंद, मोबाईलही आणि टीव्हीही. हा नियम मोठ्यांनाही असावा, नाहीतर टिकत नाही. नाशिकच्या थंडीत पहाटे मुलाला उठवणे जिवावर येते. त्या दिवसांत दप्तर, गणवेश आणि मोजे रात्रीच काढून ठेवले तर सकाळची दहा मिनिटे वाचतात.

सकाळी दुधाच्या पेल्यावर आणि बिस्किटांवर पाठवू नका. पोळी, भाकरी, उपमा, पोहे, जे घरात आहे ते चार घास तरी पोटात जावेत. खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटे शौचाला बसवा. झाले नाही तरी रागावू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा स्टूल ठेवा, लोंबकळत्या पायांनी जोर करता येत नाही. दिवसभरात पाणी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, पेरू, पपई असे काहीतरी रोज हवे. दूध प्रमाणात द्यावे. दिवसभर दुधावर राहणारे मूल जेवत नाही आणि त्याचे शौचही घट्ट होते. बद्धकोष्ठ जुने असेल तर औषध लागते आणि ते काही आठवडे ते महिने घ्यावे लागते. चार दिवसांत बरे वाटले म्हणून बंद केले की चक्र पुन्हा सुरू होते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

आता सर्वांत अवघड प्रसंग. सकाळ आहे, पोट दुखते आहे, रिक्षा दारात उभी आहे. अशा वेळी काय म्हणावे? 'खोटे बोलू नकोस' म्हणू नये आणि 'बरं, राहा घरी' असेही म्हणू नये. 'तुझे पोट दुखते आहे हे मला कळते. डॉक्टरांनी तपासले आहे, घाबरण्यासारखे काही नाही. ते थोड्या वेळाने थांबते. तू शाळेत जा, फार दुखले तर बाईंना सांग, त्या मला फोन करतील,' असे शांतपणे सांगावे. धोक्याची लक्षणे नसतील तर शाळेत पाठवावे. घरी राहण्याने दुखणे त्या दिवसापुरते थांबते, पण भीती वाढते आणि दुसऱ्या दिवशी पाऊल उचलणे अधिक जड होते. एखाद्या दिवशी घरी ठेवावेच लागले, तर आजारी माणसासारखी विश्रांती असावी. टीव्ही, मोबाईल, बाहेरचा खाऊ नको. आणि घरातल्या सर्वांचे बोलणे एक असावे. आईने पाठवायचे, आजीने थांबवायचे आणि वडिलांनी रागवायचे, यात मुलाची ओढाताण होते.

बेंबीभोवती आजी हिंग लावते, त्याला माझी हरकत नाही. त्या हाताने मुलाला धीर येतो. मात्र पोट जोरात मळणे, डागणे असले प्रकार कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा.

या उपायांना वेळ लागतो. दोन-तीन आठवड्यांत दुखण्याचे दिवस कमी होऊ लागतात, एकदम थांबत नाहीत. सुट्टीनंतर, परीक्षेच्या आधी, घरात बाळ आल्यावर किंवा घर बदलल्यावर ते काही दिवस परत येते. तेव्हा घाबरून पहिल्यापासून सुरुवात करू नका. वही पुन्हा काढा आणि घड्याळ पाहा. सहा-आठ आठवडे नीट प्रयत्न करूनही मूल शाळेत जाईनासे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञ आणि गरज पडल्यास बालमानसतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

पहिली ते चौथीच्या वर्षांत मूल एक गोष्ट शिकते, ती पुस्तकात नसते. मला काही त्रास झाला आणि तो मी सांगितला, तर घरचे ऐकून घेतात की नाही. आज पोटाचे ऐकून घेतले, तर उद्या त्याहून मोठी अडचण घेऊनही ते तुमच्याकडेच येईल.